शुभ, कल्याण आणि मुद्दल

तेरखेड्यात सुतळी बॉम्ब बनवायचा तर परवाना लागतो. खोलीत माणसं किती, दारू किती किलो, दोन खोल्यांमध्ये अंतर किती, वाळूच्या बादल्या कुठं, पाण्याची टाकी कुठं, सगळं कागदावर लागतं. एवढं करूनही अधूनमधून कुठंतरी भडका उडतो आणि गाव पेपरात येतं. लोकांची जन्माची कमाई गोळा करायची असेल तर मात्र काय लागतं? रस्त्याकडचा एक गाळा, काचेचं दार, एसी, भिंतीवर देवाचा मोठा फोटो आणि गोड बोलणारा एक मॅनेजर. वाळूच्या बादलीचं कुणी विचारत नाही.

आपल्या भागात गोत्यात आलेल्या मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांची नावं एका दमात म्हणून बघा. शुभकल्याण, ज्ञानराधा, साईराम, जिजाऊ माँसाहेब. म्हणता म्हणता हात कपाळाकडं जातो. पूर्वी तो नमस्काराला जायचा, आता कपाळ बडवायला जातो, एवढाच फरक.

त्यातली शुभकल्याण तर आपल्याच जिल्ह्याची लेक. कळंब तालुक्यातलं हावरगाव हे तिचं माहेर. अध्यक्ष दिलीप आपेट. त्यांचा साखर कारखानाही हावरगावलाच, त्याचं नाव शंभू महादेव. म्हणजे पैसे ठेवायचे शुभकल्याणात आणि ऊस घालायचा शंभू महादेवाला. उद्या काही कमीजास्त झालं तर तक्रार कुणाकडं करायची, नंदीच्या कानात? झालं कमीजास्तच. ठेवी अडकल्या, गुन्हे दाखल झाले, अध्यक्षांना अटक झाली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली आणि लोक अजून पावत्या सांभाळून आहेत. शुभ गेलं, कल्याण गेलं, व्याजावर तर लोकांनी केव्हाच पाणी सोडलं. आता ते फक्त मुद्दल मागतात.

बरं, शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग बघून बीडच्या लोकांनी काही शिकावं, तर तिथं ज्ञानराधा जोरात होती. पन्नासाच्या वर शाखा आणि 12 ते 14 टक्के व्याज. 2023 च्या ऑक्टोबरात ती चालवणाऱ्या सुरेश कुटे यांच्या कुटे ग्रुपवर आयकर खात्याचे छापे पडले आणि दुसऱ्या दिवसापासून शाखांच्या दारात रांगा. मग तारखा मिळाल्या, तारखा उलटल्या, नव्या तारखा मिळाल्या. जून 2024 मध्ये सुरेश कुटे यांना पोलिसांनी पकडलं. पुढं ईडी आली. ईडीचं म्हणणं असं, की ठेवीदारांचे सुमारे 2,300 कोटी रुपये कर्जाच्या नावाखाली कुटे ग्रुपच्याच कंपन्यांकडं वळवले गेले. हजार कोटींच्या वर किमतीच्या मालमत्तेवर टाच आली. हे आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे तेव्हा होतील. ठेवीदाराला मात्र शिक्षा आधीच सुरू झाली, तीही बिनमुदतीची.

इथं शहाणी माणसं विचारतात, एवढं व्याज देतात म्हटल्यावर कळू नये का? या शहाण्या माणसांचं खातं बहुतेक पुण्यात असतं.

त्यांच्यासाठी जरा मागची गोष्ट. आपल्याकडं शेतकऱ्याची बँक म्हणजे जिल्हा बँक. डीसीसी. बाप-आजोबांचं खातं तिथं, उसाचं बिल तिथं, पीककर्ज तिथं. 2002 साली देशभर रोखे घोटाळा गाजला, त्यात होम ट्रेड नावाच्या कंपनीकडं आपल्या जिल्हा बँकेचे 30 कोटी अडकले. पाठोपाठ तेरणा आणि तुळजाभवानी या साखर कारखान्यांची कर्जं थकली. परिणाम असा झाला की लोक स्वतःच्याच खात्यातले पैसे मागायला गेले तर कॅशियर त्यांच्याकडं भीक मागायला आल्यासारखं बघायचा. आज एवढेच मिळतील म्हणायचा. पोरीचं लग्न आहे म्हटलं की पत्रिका दाखवा म्हणायचा. स्वतःचे पैसे काढायला लग्नाची पत्रिका! म्हातारपणी कुणी पैसे काढायला गेला तर काय दाखवायचं, तेराव्याची?

राहिली सरकारी बँक. तिथं आधी रांग, मग जेवणाची सुट्टी, मग सर्व्हर बंद. सर्व्हर चालू झालाच तर केवायसी संपलेली. काउंटरवरचा साहेब बदली होऊन आलेला. त्याला आपली भाषा कळत नाही आणि आपल्याला त्याची. फॉर्म चुकला की तो काचेखालून परत सरकतो. अर्धा दिवस जातो आणि मजुरीही बुडते.

आणि समोर मल्टिस्टेट. दार उघडलं की गार हवा. "या तात्या, बसा. चहा सांग रे तात्याला." फॉर्म ते भरणार, सही कुठं करायची तिथं फुली ते मारणार, पैसे न्यायला घरी येणार. साठ वर्षांच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऑफिसात खुर्ची दिली. बारा टक्के नंतर आले, आधी खुर्ची आली. ज्यांना रोज खुर्ची मिळते त्यांना याची किंमत कळायची नाही.

आता त्या भिंतीवरच्या फोटोबद्दल.

गावातला हरिनाम सप्ताह घ्या. बॅनरवर विठ्ठल-रखुमाई, त्याखाली महाराज आणि त्याखाली अन्नदाते म्हणून संस्थेचं नाव, शाखेच्या पत्त्यासह. काल्याच्या कीर्तनाला पाहुणे पहिल्या रांगेत. नारळ, फेटा, टाळ्या. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला लाखो माणसं चुनखडी वेचायला जमतात, वाटेवर पाण्याचे तंबू लागतात, तंबूवर पुन्हा संस्थांचेच बॅनर. तहानलेला माणूस पाणी पितो, वर बघतो, नाव वाचतो. पुढच्या महिन्यात तूर विकून आलेले पैसे कुठं ठेवावेत हा प्रश्न त्याला पडत नाही. ज्यांनी देवाच्या दारात पाणी पाजलं ते बुडवतील कसे?

यात महाराजांना बोल लावायचं मला काही कारण दिसत नाही. त्यांनी ताळेबंद मागितला नाही आणि त्यांना कुणी दाखवलाही नाही. ताळेबंद मागायचं काम सभासदाचं. पण आपण सभासद आहोत हेच सभासदाला ठाऊक नव्हतं! क्रेडिट सोसायटीला बाहेरच्या माणसाची ठेव घेता येत नाही, म्हणून ठेवीदाराला आधी सभासद करून घेतात. कसला सभासद? नाममात्र. त्याला मत नाही, त्याला सभेची नोटीस जात नाही, त्याला कर्ज कुणाला दिलं ते विचारता येत नाही. नामस्मरणाला गेलेला माणूस नाममात्र सभासद होऊन परत आला.

आणि मल्टिस्टेटच का? साधी पतसंस्था का नाही? साध्या पतसंस्थेवर जिल्हा उपनिबंधकाची नजर असते, वर पुण्याचे सहकार आयुक्त असतात. ती नजर नको असेल तर 2002 च्या केंद्राच्या कायद्याखाली नोंदणी करायची, मालक थेट दिल्लीचा केंद्रीय निबंधक. त्यासाठी अट एकच मोठी, दोन राज्यांतून प्रत्येकी किमान पन्नास सभासद हवेत. आमच्याकडं पोरीचं स्थळ दुसऱ्या जिल्ह्यातलं आलं तर दहा वेळा चौकशी करतात. संस्था काढायची म्हटली की परराज्यातले पन्नास सोयरे एका रात्रीत सापडतात. मग पैसे अडकले की ठेवीदार जिल्हा उपनिबंधकाकडं जातो आणि साहेब म्हणतात, हे आमच्या कक्षेत येत नाही. तेरखेड्याहून दिल्ली किती लांब ते साहेबांना माहीत असतं. म्हणून तर ते निवांत असतात.

संस्था बुडाल्यावर जे सांत्वन सुरू होतं ते ऐकण्यासारखं आहे. "प्रारब्धात नव्हतं म्हणायचं." "पैसा काय, येतो जातो." "देव बघतोय वरून." ठेव घेताना यातलं एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. जाहिरातीत प्रारब्ध नव्हतं, तिथं टक्के होते. ठेव घेताना गणित आणि परत देताना अध्यात्म, असा हा व्यवहार आहे.

आपलेच देव असे वापरले जातात असं समजून कुणी लाजू नये. उत्तर आयर्लंडमध्ये प्रेस्बिटेरियन नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. काटकसरी, शिस्तीची, रविवार न चुकवणारी माणसं. त्यांची 1982 पासून एक बचत संस्था होती, प्रेस्बिटेरियन म्युच्युअल सोसायटी. चर्चचे असाल तरच सभासद. सुमारे दहा हजार ठेवीदार. पैसा गुंतवला जमीनजुमल्यात आणि इमारतींत. 2008 साली जगभर बँका गडगडल्या, ब्रिटनच्या सरकारनं बँकांमधल्या ठेवींना हमी दिली. मग यांच्या लक्षात आलं की आपली संस्था बँक नाही, हमीही नाही. झालं. सगळे एकदम पैसे काढायला धावले आणि त्याच नोव्हेंबरात संस्था प्रशासकाच्या हाती गेली. दार तेच, फक्त बाहेर पाऊस जास्त.

त्या संस्थेतली एक गंमत आपल्या लोकांना लगेच कळेल. वीस हजार पौंडांपर्यंतची रक्कम म्हणजे शेअर आणि त्यावरची रक्कम म्हणजे सभासदानं संस्थेला दिलेलं कर्ज. संस्था बुडाली की आधी कर्ज फेडायचं, शेअरवाल्यांचं नंतर. म्हणजे कायद्याच्या रांगेत मोठा पुढं आणि म्हातारी विधवा मागं. तिथल्या लोकांनी प्रार्थना केली असेलच, पण जोडीला आमदार-खासदारांच्या दारात बसकण मारली. प्रश्न विधानसभेत गेला, लंडनच्या संसदेत गेला. शेवटी 2011 साली तोडगा निघाला. 17.5 कोटी पौंडांचं सरकारी कर्ज, वर लंडन आणि बेलफास्ट अशा दोन्ही सरकारांचे अडीच-अडीच कोटी. चर्चनंही दहा लाख पौंड दिले. एकूण आकड्यात किरकोळच, पण दिले. त्या तोडग्यानं लहान ठेवीदारांना त्यांचे पूर्ण पैसे मिळाले, मोठ्यांना सगळे एकदम मिळाले नाहीत. तोडगा निघायला सगळं मिळून तीन वर्षं गेली.

आपल्याकडं सप्ताहाची पंगत जेवलेल्या गावानं ठेवीदारांसाठी वर्गणी काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. (अन्नदात्याच्या बॅनरवरचं नाव मात्र पुढच्या वर्षी बदललेलं असतं. गाव तेवढं सावध असतं.)

आता ठेवीदार जगतो कसा ते बघा.

दवाखान्यात काउंटरवरची पोरगी म्हणते, "आजी, आधी डिपॉझिट भरा." आजी म्हणते, "भरलंय की बाई, बीडला." पोरगी हसत नाही, तिला कळलेलंच नसतं. मागं उभा असलेला नातू बाहेर जाऊन फोन लावतो. सावकाराला. शेकडा तीन रुपये महिना. हिशेब करा. ज्याला वर्षाला शेकडा बारा मिळत होते तो आता वर्षाला शेकडा छत्तीस देतो. पैसा तोच, गाव तेच, फक्त गिरवी काय ठेवायचं ते शोधावं लागतं. पावती गिरवी घेणारा सावकार अजून जन्माला यायचाय.

लग्नं पुढं ढकलली गेली. कार्यालय ठरलं होतं ते रद्द झालं, दारात मांडव पडला, जेवणावळ पाचशेवरून दीडशेवर आली. हे एका अर्थी चांगलंच झालं असं म्हणणारे समाजसुधारक भेटतात. त्यांच्या पोरींची लग्नं झालेली असतात.

सोयाबीन घरात होतं, पण 2024 साली हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये ठरला आणि बाजारात कट्टा नेला की व्यापारी चार हजारांच्या आसपास बोलायचा. भाव येईपर्यंत माल धरायचा तर हाताशी पैसा लागतो. तो हाताशी धरलेला पैसाच तर संस्थेत होता. म्हणजे ठेव बुडाली की नुसती ठेव बुडत नाही, त्या वर्षीच्या पिकाचा भावही बुडतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात मला माहीत नाही. तेरखेड्याच्या आठवडी बाजारात याला "दुहेरी मार" म्हणतात आणि पुढं एक शिवी देतात.

सगळ्यात अवघड गोष्ट बायकांची. फटाक्याच्या कामाला जाणारी, खव्याच्या भट्टीवर राबणारी, शेळ्या सांभाळणारी बाई. रोज वीस, रोज पन्नास, पिग्मीवाल्याच्या हातात. नवऱ्याला न सांगता. दारुड्या असेल तर त्याच्यापासून लपवून, चांगला असेल तरी लपवूनच, कारण चांगला नवराही भावाला उसने देऊन येतो. तीन-चार वर्षांत चाळीस-पन्नास हजार जमतात. तिच्या आयुष्यातला तेवढाच पैसा तिचा. तो बुडाला आणि बुडाला हे घरात सांगता येत नाही. मोर्चाला जाता येत नाही, कारण कुठं चाललीस म्हणून विचारतील. दाव्याचा अर्ज भरता येत नाही, कारण त्यावर मोबाईल नंबर लागतो, मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि ओटीपी तिथंच येणार. ठेवीदारांच्या याद्या निघतात, आकडे छापून येतात, त्यांत या बायका किती धरल्या असतील देव जाणे. त्या रडल्या असतील तर चुलीच्या धुराचं निमित्त करून.

पिग्मी एजंटाबद्दलही बोलायला हवं. तो गावातलाच पोरगा. बी.ए. झालेला, नोकरी नाही, मोटारसायकल हप्त्यावर. कमिशनवर फिरायचा. लोकांनी पैसे अध्यक्षांना दिले नाहीत, अध्यक्षांना कोण ओळखत होतं? लोकांनी पैसे या पोराला दिले, कारण त्याचा बाप माळकरी होता. संस्था बुडाली तसा तो पुण्याला गेला, कुठल्याशा कंपनीत सिक्युरिटीला आहे म्हणतात. त्याची स्वतःची ठेवही त्यातच होती. ती कुणी मोजत नाही. गावात राहिली त्याची आई. तिला आता पिठाच्या गिरणीत नंबर लावायची चोरी झाली. अध्यक्षांच्या आईला कुठल्या गिरणीत जावं लागत नाही, त्यामुळे तिथला जाब मागता येत नाही. मग गाव जिचा जाब मागता येतो तिचा मागतं.

आणि कृती समित्या. प्रत्येक तालुक्याला एक, काही ठिकाणी दोन, कारण पहिल्या समितीत अध्यक्षपदावरून फूट पडते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. सकाळी शुभ सकाळ, दुपारी अफवा, रात्री रागाचे इमोजी. "सोमवारपासून वाटप." कुठला सोमवार ते लिहिलेलं नसतं. तरी या लोकांनाच मी मानतो. जिल्हाधिकारी कचेरीसमोर उन्हात बसणारी, बीडला आर्थिक गुन्हे शाखेच्या पायऱ्या झिजवणारी ही माणसं नसती तर गुन्हे तरी दाखल झाले असते का? निवृत्त मास्तर, एसटीतला कंडक्टर, किराणा दुकानदार. भाषण येत नाही, पण कागद सगळे फाईलला लावलेले.

सरकारकडं कायदा नाही असं नाही. 1999 चा एमपीआयडी कायदा आहे, खास ठेवीदारांच्या रक्षणाचा. महाराष्ट्रानं मोठ्या अभिमानानं केलेला. मालमत्ता जप्त करायची, सक्षम प्राधिकारी नेमायचा, विशेष कोर्टात जायचं, लिलाव करायचा, पैसे वाटायचे. वाचायला एक वाक्य. घडायला एक पिढी. सक्षम प्राधिकारी म्हणजे बहुधा महसूल खात्याचाच अधिकारी. त्याच्या टेबलावर आधीच निवडणूक, दुष्काळ, वाळूचे ट्रक आणि मंत्र्यांचा दौरा. त्याच मालमत्तेवर ईडीनंही टाच आणलेली असली तर मग दोन्ही खाती एकमेकांना पत्रं लिहितात. पत्रव्यवहार सभ्य असतो. लिलावाला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण बुडव्याची जमीन घेणाऱ्याला गावकी घाबरवते किंवा बुडव्याचाच माणूस कमी किमतीत घ्यायला टपलेला असतो.

अवसायक नेमला की लोकांना हायसं वाटतं. सरकारी माणूस आला! जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनाही असंच वाटलं होतं. 2015 मध्ये तिथले संचालक आत गेले, अवसायक आला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2020 मध्ये, पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात छापे टाकले, ते अवसायकाच्या कारभाराबद्दल! पुढं त्या अवसायकालाच इंदूरहून पकडून आणलं. आरोप काय होता? संस्थेचा बडा कर्जदार गरजू ठेवीदाराची पावती पडत्या भावात विकत घ्यायचा, म्हणजे लाखाच्या पावतीचे वीस-तीस-चाळीस हजार जे ठरेल ते, आणि तीच पावती संस्थेत आपल्या कर्जापोटी पूर्ण लाखाला वळती करून घ्यायचा. ठेवीदार म्हणतो, काहीतरी हातात आलं. कर्जदार म्हणतो, कर्ज फिटलं. दोघंही खूश आणि संस्थेच्या तिजोरीत मात्र खडकू नाही. मागं राहिलेल्या ठेवीदारांना वाटायला कर्जवसुलीच उरत नाही. बुडालेल्या संस्थेला दुसऱ्यांदा बुडवायची ही युक्ती ज्याला सुचली त्याची बुद्धी कुठल्या चांगल्या कामाला लागली असती तर मराठवाड्याला पाणी आलं असतं.

हाच धंदा करणारे लोक आता आपल्याकडंही फिरतात. पांढरा शर्ट, हातात पाऊच. "काकू, पावती ठेवून काय लोणचं घालायचंय?"

सगळ्याच धर्माच्या नावानं चाललेल्या संस्था बुडतात असं नाही, तेही सांगायला हवं. वसईत 1918 साली फादर पी. जे. मोनीस यांनी बसीन कॅथॉलिक बँक उभी केली. चर्चच्याच सावलीत वाढली, शंभरी ओलांडली, चालू आहे. तिच्यावरची देवाची कृपा मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. पण ती बँक आहे, रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आहे आणि तिच्यातल्या ठेवीला विमा आहे, एवढं मोजता येतं.

तो विमा काय करतो ते बघायला वसईला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या गावीच वसंतदादा नागरी सहकारी बँक होती. जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. बँक गेली, पण तेव्हाच रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना ठेव विम्यातून त्यांची पूर्ण रक्कम मिळेल. कारण फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेला तो नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. एक पैशाचा नाही. त्याच शहरात, त्याच रस्त्यावर, शेजारी-शेजारी दोन पाट्या. एका पाटीखाली बुडालात तर बहुतेक वाचता, दुसरीखाली बुडालात तर देव बघतोय वरून. हा फरक पाटीवर ठळक अक्षरात लिहिण्याची सक्ती का नाही? सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो छापायला लावणारं सरकार मल्टिस्टेटच्या दारावर "या ठेवीला विमा नाही" एवढ्या चार शब्दांची पाटी लावायला लावू शकत नाही? 2023 साली मल्टिस्टेटचा कायदा सुधारला, त्यात तक्रारीसाठी लोकपाल आणला, निवडणुकीसाठी प्राधिकरण आणलं. दारावरच्या पाटीचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाटीला खर्च येतो म्हणून असेल.

गेल्या महिन्यात तेरखेड्याच्या फाट्यावर चहा पिताना समोर एक नवं बॅनर दिसलं. आणखी एक संस्था, आणखी एक देव, "आकर्षक व्याजदर". खाली दोघं-तिघं उभे राहून टक्केवारी वाचत होते. त्यातला एक म्हणाला, "ही चांगली दिसते."

तेव्हा वाशी, कळंब, भूम, परंड्याच्या ठेवीदारांना चार गोष्टी सांगतो, त्या तेवढ्या करा. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, एजंटाच्या नाही, समितीच्या अध्यक्षाच्या नाही आणि पाऊचवाल्याच्या तर मुळीच नाही. द्यायची ती झेरॉक्स. पासबुक, पिग्मीचं कार्ड, भरणा केलेल्या चिठ्ठ्या, मिळेल तो कागद जपा. पोलिसांत जबाब नोंदवताना एमपीआयडीचं कलम लावलंय का ते विचारा. ठेवीदार वारला असेल तर वारसांनी अर्ज थांबवू नये. घरातल्या बाईच्या नावावर चोरून ठेवलेली पावती निघाली तर तिला आधी बोलू नका, आधी तिचा अर्ज भरा. अवसायकाकडं दावा लेखी द्या, तोंडी नाही. आणि कुठलाही अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.